नव्वद पालिकांचा एक जिल्हा : सेंट लुईसच्या घटत्या लोकसंख्येचा हिशेब

अमेरिकेतील शहरांच्या लोकसंख्येचे वार्षिक अंदाज २०२५ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाले. त्यात मिसूरी राज्यातील सेंट लुईस शहराची लोकसंख्या २ लाख ८० हजारांच्या आसपास उतरलेली दिसली. १९५० च्या जनगणनेत याच शहरात ८ लाख ५६ हजार ७९६ माणसे होती. म्हणजे पाऊणशे वर्षांत दर तीन रहिवाशांमागे दोन कमी झाले. त्याच महिन्याच्या १६ तारखेला मोठ्या टॉर्नेडोने शहराच्या उत्तर भागातील हजारो इमारतींची नासधूस केली. ज्या वस्त्या आधीच ओसरत होत्या, नेमक्या त्यांच्यावरच हा घाव बसला.

विसाव्या शतकाच्या आरंभी सेंट लुईस हे अमेरिकेतील चौथ्या क्रमांकाचे शहर होते. १९०४ साली तेथे जागतिक प्रदर्शन भरले आणि त्याच वर्षी ऑलिंपिकही झाले. मिसिसिपी नदीकाठची ६३० फूट उंच पोलादी कमान आपल्यापैकी अनेकांनी मुलांनी पाठवलेल्या फोटोंत पाहिली असेल. असे शहर रिकामे होते म्हणजे काहीतरी भयंकर घडले असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण शहराभोवतालचा परिसर धरून संपूर्ण महानगराची लोकसंख्या पाहिली तर चित्र बदलते. २०१० साली ती २७ लाख ८८ हजार होती, २०२० साली २८ लाख २० हजार झाली. वाढ अगदी मंद, पण घट नाही.

मग माणसे गेली कुठे? बहुतेक तेथेच, दहा-वीस-तीस मैलांवर. आणि ती तेवढीच हलली असतील तर एवढी आर्थिक पडझड का झाली? हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर माणसांपेक्षा नकाशावरच्या रेघांत सापडते.

१८७६ चा काडीमोड

अमेरिकेत साधारणपणे शहर हे काउंटीच्या पोटात असते. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. सेंट लुईस शहरही पूर्वी सेंट लुईस काउंटीतच होते. पण शहर श्रीमंत आणि दाट, भोवतालचा मुलूख शेतीचा आणि विरळ. आपल्या करातून या खेड्यांचे रस्ते कशाला करायचे, अशी शहरवासीयांची तक्रार होती. १८७६ साली वेगळे होण्यासाठी मतदान झाले. पहिल्या मोजणीत ठराव फेटाळला गेला असे दिसले. फेरमोजणीत तो मंजूर ठरला. शहराने आपली हद्द तिपटीहून अधिक वाढवून सुमारे ६२ चौरस मैल केली, आणि मग काउंटीशी संबंध तोडून टाकला. तिकडे हा प्रसंग ‘मोठा घटस्फोट’ म्हणूनच ओळखला जातो.

त्या वेळी ६२ चौरस मैल म्हणजे पुढच्या कित्येक पिढ्यांची सोय वाटली असणार. काउंटीत तेव्हा जेमतेम तीसएक हजार माणसे होती. पण हद्द एकदा गोठली ती गोठलीच. इतर अमेरिकन शहरे शेजारची वस्ती पोटात घेत वाढत गेली. सेंट लुईसला ती वाट उरली नाही. ज्या शहराने खर्च टाळण्यासाठी कुंपण घातले, त्याच कुंपणाने पुढे त्याचे उत्पन्न बाहेर ठेवले.

चूक दुरुस्त करण्याचे प्रयत्न झाले. १९२६, १९३०, १९५९ आणि १९६२ साली शहर व काउंटी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात जोडण्याच्या योजना मतदारांपुढे आल्या आणि चारही वेळा पडल्या. विसाव्या शतकात काउंटीवाले श्रीमंत झाले होते आणि नको म्हणण्याची पाळी आता त्यांची होती.

गावे कशी जन्मली

शहर थांबले, पण शहरीकरण थांबले नाही. ट्राम आली, मग मोटार आली, दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी हमीवर स्वस्त गृहकर्जे आली आणि महामार्ग झाले. काउंटीतील शेतांवर घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. तेथील रहिवाशांना मिसूरीच्या कायद्याने एक सोय दिली होती. थोडक्या घरांनी एकत्र येऊन अर्ज करावा आणि आपली स्वतंत्र नगरपालिका स्थापन करावी. विसाव्या शतकाच्या मध्यास अशा पालिकांचे पीकच आले. पुढे त्यांची संख्या नव्वदच्या घरात पोहोचली आणि एक-दोनने कमी होत आजही साधारण तेवढीच आहे. काउंटीतील जवळपास एक तृतीयांश लोक तर अजूनही कोणत्याच पालिकेत नाहीत. त्यांचे सर्व काही काउंटीच पाहते.

या गावांचे आकार पाहिले तर गंमत वाटते. एका टोकाला पन्नास हजारांच्या जवळ गेलेले चेस्टरफील्ड, तर दुसऱ्या टोकाला चॅम्प नावाचे खेडे. २०१० च्या जनगणनेत चॅम्पची लोकसंख्या १३ भरली. आपल्याकडे एका कुटुंबाच्या पंगतीला याहून जास्त पाने वाढली जातात. बेव्हर्ली हिल्स नावाचेही एक गाव येथे आहे. कॅलिफोर्नियातल्या झगमगाटाशी त्याचे नावापलीकडे नाते नाही, वस्ती सहाशेच्या आतली.

स्वतंत्र पालिका का हवी होती, याची कारणे वेगवेगळी होती. कुणाला शेजारच्या मोठ्या गावाने आपल्याला गिळू नये असे वाटत होते. कुणाला आपल्या गल्लीतला कचरा आणि दिवे आपल्या हाती हवे होते. आणि कुणाला आपल्या गावात कोणी राहायला यावे व कोणी येऊ नये हे ठरवायचे होते. हे शेवटचे कारण आडपडद्याने सांगण्यात अर्थ नाही. नगरपालिका झाली की कोणत्या जमिनीवर काय बांधावे हे ठरवण्याचा अधिकार मिळतो. किमान एवढ्या मोठ्या भूखंडावरच घर, भाड्याच्या इमारती नकोत, असा नियम केला की गरीब माणूस, आणि त्या काळच्या अमेरिकेत त्यातही कृष्णवर्णीय माणूस, आपोआप बाहेर राहतो.

घरे कृष्णवर्णीयांना विकायची नाहीत असे करार खरेदीखतातच घालण्याची रीत सेंट लुईसमध्ये सर्रास होती. अशा करारांची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये, असा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९४८ चा प्रसिद्ध निकाल सेंट लुईसमधल्याच एका घराच्या खटल्यातून आला. त्यानंतर खरेदीखताचे काम पालिकेच्या नियमांनी करायचे असा मार्ग निघाला. १९७० साली काउंटीच्या उत्तर भागात सर्व वर्णांच्या लोकांसाठी मध्यम व कमी भाड्याच्या सदनिका होणार अशी बातमी आली, तेव्हा तेथील रहिवाशांनी घाईघाईने ब्लॅक जॅक नावाची पालिका स्थापन केली आणि पहिल्या काही कामांतच नव्या बहुकुटुंबी इमारतींना बंदी घातली. १९७४ साली संघीय अपील न्यायालयाने ती बंदी भेदभावाची ठरवली.

याच नकाशावर किनलॉक आहे. शेजारच्या गोऱ्या वस्त्यांनी दूर ठेवलेल्या कृष्णवर्णीयांनी १९४८ साली आपली स्वतःची पालिका केली. स्वतःचे महापौर, स्वतःचे पोलीस, स्वतःची शाळा. १९६० साली तेथे साडेसहा हजार माणसे होती. पुढे जवळच्या विमानतळाच्या विस्तारासाठी आणि आवाजाच्या त्रासाचे कारण देऊन घरे विकत घेतली गेली, वस्ती उठली. २०१० साली किनलॉकमध्ये २९८ माणसे उरली. छोटे गाव म्हणजे केवळ भेदभावाचे हत्यार, असे म्हणणाऱ्यांनी किनलॉकची आठवण ठेवावी. तेथे ते मानाने जगण्याचे साधनही होते.

आकडे काय सांगतात

आता लोकसंख्येचा प्रवाह पाहू. शहर १९५० च्या साडेआठ लाखांवरून १९७० साली ६ लाख २२ हजारांवर, १९८० साली साडेचार लाखांवर आणि २०२० साली ३ लाख १ हजारावर आले. त्याच काळात सेंट लुईस काउंटी ४ लाखांवरून फुगत गेली आणि २००० साली १० लाख १६ हजारांवर पोहोचली. तेथे तिची वाढ थांबली. २०१० साली ती दहा लाखांच्या किंचित खाली गेली आणि २०२० साली किंचित वर आली. मग पुढची लाट मिसूरी नदीपलीकडच्या सेंट चार्ल्स काउंटीकडे वळली. १९५० साली तेथे तीस हजार लोक होते; २०२० साली ४ लाख ५ हजार.

म्हणजे एकच लाट तीन टप्प्यांत पश्चिमेकडे सरकली. पहिल्यांदा शहर ओसरले, मग काउंटीचा शहरालगतचा उत्तर भाग. एकूण महानगर फारसे वाढत नसल्यामुळे एका गावात आलेला माणूस बहुधा दुसऱ्या गावातून गेलेला असतो. वाढत्या महानगरात हद्दी कितीही असल्या तरी सगळ्यांना थोडेफार मिळत राहते. वाढ थांबलेल्या महानगरात एकाची जमा ही दुसऱ्याची नावे पडते. बँकेत आयुष्य काढलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

बँकेतलेच उदाहरण घेऊ. एखाद्या शाखेतील निम्म्या ठेवी दुसऱ्या शाखेत गेल्या, तर बँकेचे एकूण काही बिघडत नाही. पण त्या शाखेचे भाडे, पहारेकरी, तिजोरी, विजेचे बिल निम्मे होत नाही. बँक एक असल्यामुळे मुख्य कार्यालय तो भार उचलते. समजा प्रत्येक शाखा म्हणजे स्वतंत्र बँक असती आणि तिला स्वतःच्या पायावर उभे राहायचे असते, तर? उरलेल्या गरीब ठेवीदारांकडूनच तिला सगळा खर्च वसूल करावा लागला असता. सेंट लुईस काउंटीतील छोट्या गावांचे हेच झाले.

गावातली माणसे कमी झाली म्हणून रस्त्यांची लांबी कमी होत नाही. पोलीसप्रमुख एकच लागतो, मग गाव पाच हजारांचे असो की पाचशेचे. घरांच्या किमती उतरल्या की मालमत्ता कर उतरतो. दुकाने बंद पडली की विक्रीकर उतरतो. खर्च मात्र तेथेच. मग पैसा आणायचा कुठून?

फर्ग्युसन : दंडावर चाललेले गाव

९ ऑगस्ट २०१४ रोजी फर्ग्युसन या गावात मायकेल ब्राउन या १८ वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाला. त्यानंतरचे उद्रेक जगभर दूरचित्रवाणीवर दिसले. आपल्याकडे ती बातमी वर्णद्वेषाची म्हणून वाचली गेली, आणि ते बरोबरच होते. पण त्यामागे एक अंदाजपत्रकही होते, त्याची चर्चा कमी झाली.

अमेरिकेच्या न्याय खात्याने मार्च २०१५ मध्ये फर्ग्युसनबद्दल जो अहवाल दिला, तो कोणत्याही लेखापरीक्षकाने वाचावा असा आहे. २०१० च्या आर्थिक वर्षात गावाच्या सर्वसाधारण निधीत १ कोटी १० लाख ७० हजार डॉलर जमा झाले. त्यांपैकी १३ लाख ८० हजार दंड आणि न्यायालयीन शुल्काचे होते, म्हणजे साडेबारा टक्के. २०१५ च्या अंदाजपत्रकात अपेक्षित जमा १ कोटी ३२ लाख ६० हजार डॉलर आणि त्यात दंडाचा वाटा ३० लाख ९० हजार, म्हणजे तेवीस टक्क्यांहून अधिक. पाच वर्षांत दंडाचे उत्पन्न दुपटीहून जास्त. गुन्हे दुप्पट झाले म्हणून हे घडले नाही. दंडाचे लक्ष्य आधी ठरत होते आणि पोलिसांनी ते गाठायचे होते. आमच्या नोकरीच्या काळात मार्चअखेरची उद्दिष्टे आम्हीही पुष्कळ पाहिली आहेत, पण हातात बेड्या घेऊन ती पुरी करायची वेळ आमच्यावर आली नाही.

त्या अहवालातील एका स्त्रीचा हिशेब असा. २००७ साली तिने गाडी चुकीच्या जागी उभी केली. दंड १५१ डॉलर आणि वर शुल्क. ती अडचणीत होती, तारखा चुकल्या, प्रत्येक चुकीवर नवे शुल्क चढले. तिला दोनदा अटक झाली, सहा दिवस तुरुंगात काढावे लागले. एकूण ५५० डॉलर भरल्यानंतरही डिसेंबर २०१४ मध्ये तिच्या नावावर ५४१ डॉलर बाकी होते. आपल्याकडच्या जुन्या सावकारी पाशाच्या गोष्टींत आणि यात फरक शोधावा लागेल. सुमारे २१ हजार वस्तीच्या या गावाच्या न्यायालयाने २०१३ या एका वर्षात ९ हजारांहून अधिक अटक वॉरंट काढली होती.

भार कोणावर पडला हेही आकड्यांत आहे. १९९० साली फर्ग्युसनमध्ये तीन चतुर्थांश लोक गोरे होते; २०१० साली दोन तृतीयांश कृष्णवर्णीय झाले. जे आधी होते ते पुढच्या काउंटीत गेले. जे उरले आणि जे नव्याने आले, त्यांच्या वाट्याला उतरत्या किमतीची घरे आणि न उतरणारा खर्च आला. अहवालानुसार लोकसंख्येत ६७ टक्के असलेल्या कृष्णवर्णीयांच्या वाट्याला ९३ टक्के अटका आल्या. गावाचा कारभार हाकणारे मात्र बहुतांशी जुन्याच वर्णाचे होते.

फर्ग्युसन एकटे नव्हते. काउंटीत तेव्हा पन्नासहून अधिक पोलीस दले आणि ऐंशीच्या आसपास पालिका न्यायालये होती. काही मैलांच्या प्रवासात माणूस अनेक हद्दी ओलांडतो आणि गाडीचा एक दिवा बंद असेल तर प्रत्येक हद्दीत वेगळी पावती फाडली जाऊ शकते. २०१५ साली मिसूरीच्या विधिमंडळाने कायदा केला : गावाच्या सर्वसाधारण उत्पन्नात अशा दंडांचा वाटा राज्यात २० टक्क्यांहून आणि सेंट लुईस काउंटीत साडेबारा टक्क्यांहून जास्त नसावा. काही गावे न्यायालयात गेली. एका काउंटीसाठी वेगळी मर्यादा घालता येत नाही, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरवले आणि तेथेही २० टक्केच राहिली. कायद्याने रोग्याचा ताप उतरवला. अशक्तपणा तसाच राहिला, कारण दंडाऐवजी पैसा कोठून आणायचा हे कायद्याने सांगितले नाही. फर्ग्युसनची वस्ती २०२० पर्यंत साडेअठरा हजारांवर आली.

दुकानांसाठी ओढाताण

पैसा आणण्याचा दुसरा मार्ग म्हणजे विक्रीकर. काउंटीत त्याच्या वाटपाची एक गुंतागुंतीची रीत आहे. काही गावांना आपल्या हद्दीत झालेल्या विक्रीचा कर मिळतो, त्यातला थोडा भाग इतरांना द्यावा लागतो. बाकीच्या गावांचा कर एका हौदात जमा होऊन डोक्यांच्या हिशेबाने वाटला जातो. पहिल्या प्रकारच्या गावाला मॉल हवा असतो, दुसऱ्या प्रकारच्या गावाला माणसे. कोणालाच शेजाऱ्याचे बरे झालेले परवडत नाही.

त्यातून मोठी दुकाने आपल्याकडे ओढण्याची शर्यत लागली. नव्या बांधकामामुळे वाढणारा कर बिल्डरलाच काही वर्षे वापरू द्यायचा, अशी सवलत गावोगाव वाटली गेली. सेंट लुईस परिसराच्या प्रादेशिक नियोजन परिषदेने २०११ साली हिशेब काढला तेव्हा सुमारे वीस वर्षांत अशा सवलतींपायी ५ अब्ज डॉलरहून अधिक सार्वजनिक पैसा वळवला गेल्याचे दिसले, आणि त्यातला मोठा भाग किरकोळ दुकानांसाठी होता. माणसे तेवढीच, त्यांच्या खिशातले डॉलर तेवढेच. दुकान या गावातून त्या गावात गेले एवढेच झाले, आणि हलवण्याची मजुरी करदात्याने दिली.

मग सगळे एक का करत नाहीत?

हा प्रश्न भारतीय वाचकाच्या मनात पहिला येतो. २०१९ च्या जानेवारीत ‘बेटर टुगेदर’ या संस्थेने नेमकी हीच योजना मांडली. शहर आणि काउंटी एक करायची, एक महापौर, एक पोलीस दल, एक न्यायालय; जुन्या पालिकांनी फक्त काही स्थानिक कामे पाहायची. कागदावर योजना सुबक होती. पण तिला मंजुरी स्थानिकांऐवजी साऱ्या मिसूरी राज्याच्या मतदानाने घ्यायची होती. ज्यांचे गाव जाणार त्यांनी नको म्हटले तरी दोनशे मैलांवरच्या शेतकऱ्याने हो म्हटल्यास पुरे होते. शिवाय एकत्रित प्रदेशाचे पहिले प्रमुखपद मतदानाविना काउंटीचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह स्टेंगर यांच्याकडे जायचे होते. एप्रिलअखेरीस स्टेंगर यांच्यावर लाचखोरीचे संघीय आरोपपत्र आले, त्यांनी राजीनामा दिला आणि पुढे गुन्हा कबूल करून तुरुंगात गेले. मे महिन्यात योजना मागे घेण्यात आली.

स्टेंगर प्रकरण नसते तरी ती तरली असती का, याविषयी आम्हाला शंका आहे. श्रीमंत गावांना आपल्या शाळा आणि कर वाटून घ्यायचे नव्हते, हे तर उघड होते. पण उत्तर भागातील कृष्णवर्णीय नगरसेवक आणि महापौरही विरोधात उभे राहिले. पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवल्यानंतर कुठे आपल्या हाती गावाची किल्ली आली. आता किल्लीच वितळवायची म्हणता, असा त्यांचा सवाल होता. तो निव्वळ खुर्चीचा मोह म्हणून सोडून देता येत नाही.

इतरांनी काय केले

मिडवेस्टमध्येच दोन वेगळी उदाहरणे आहेत. इंडियाना राज्याच्या विधिमंडळाने मतदान न घेता इंडियानापोलिस शहर आणि त्याची काउंटी १९७० पासून एक केली. एका रात्रीत शहराची लोकसंख्या सात लाखांपलीकडे गेली. पण चार गावे बाहेर ठेवावी लागली आणि शाळा मात्र वेगळ्याच राहिल्या. ज्या गोष्टीसाठी अमेरिकन माणूस घर बदलतो ती शाळाच एकत्र झाली नाही. आपल्या सभासदांपैकी ज्यांची मुले तिकडे घर घेतात, ती खोल्यांच्या आधी शाळेचा विभाग विचारतात, हे आपण जाणतोच.

दुसरे उदाहरण मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांचे. तेथे गावे मोडली नाहीत. १९७१ च्या कायद्याने एवढेच केले की, सात काउंट्यांतील प्रत्येक गावात व्यापारी व औद्योगिक मालमत्तेच्या करपात्र मूल्यात जी वाढ होईल, तिचा ४० टक्के भाग एका सामायिक खात्यात जावा आणि तो कमी संपन्न गावांना जास्त मिळेल अशा रीतीने वाटला जावा. मॉल कोणत्याही गावात येवो, शेजाऱ्यालाही त्यातला घास मिळतो. पन्नास वर्षांहून अधिक काळ ही व्यवस्था चालू आहे. गावाचे नाव, सभा, महापौर सगळे जागेवर, फक्त कुंपणाला एक दार केले.

खुद्द सेंट लुईसनेही जेथे अगदी अडले तेथे हद्दी बाजूला ठेवल्या आहेत. सांडपाणी हद्द पाहून वाहत नाही, म्हणून १९५४ साली शहर आणि काउंटीचा संयुक्त मलनिस्सारण विभाग झाला. प्राणिसंग्रहालय आणि संग्रहालये टिकावीत म्हणून १९७१ साली दोन्हीकडच्या मतदारांनी सामायिक कर मान्य केला. अलीकडे व्हिनिटा पार्क या छोट्या गावाच्या पुढाकाराने काही पालिकांनी मिळून एक पोलीस दल चालवायला घेतले, आणि तीनशेच्या आत वस्ती असलेल्या शेजारच्या व्हिनिटा टेरेसने २०१६ च्या मतदानानंतर त्याच्यात विलीन होणे पत्करले. सक्ती नव्हती, दोन्ही गावांनी हिशेब पाहिला आणि मत दिले.

आपल्या बाजूने पाहताना

आपण हैदराबादकर याच्या अगदी उलट व्यवस्थेत राहतो. २००७ साली १२ नगरपालिका आणि ८ ग्रामपंचायती जुन्या महानगरपालिकेत मिळवून ग्रेटर हैदराबाद महानगरपालिका झाली, ती सरकारी आदेशाने. कोणत्याही गावाला विचारले गेले नाही. एक गोष्ट मान्य केली पाहिजे की, त्यामुळे हायटेक सिटीकडे उगवलेल्या इमारतींचा कर आणि जुन्या शहराच्या गल्ल्या एकाच ताळेबंदात आल्या. सेंट लुईसला दीडशे वर्षांत जे जमले नाही ते आपल्याकडे एका आदेशाने झाले.

पण आदेशाने झालेल्या विलीनीकरणाचे दुसरे अंगही आपण जाणतो. १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबाद भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, तेव्हा ठेवी सुरक्षित राहिल्या, तंत्रज्ञान सुधारले, भांडवल भक्कम झाले. तरी मराठवाड्यातल्या आणि इथल्या जुन्या खातेदारांना एक गोष्ट हरवल्यासारखी वाटलीच : ज्याच्यापुढे जाऊन बोलावे असा ओळखीचा माणूस. मोठी संस्था पैशाने बळकट असते, पण तक्रार घेऊन जाणाऱ्याला तिचा दरवाजा लवकर सापडत नाही. पालिकेचेही तसेच आहे.

दोन्ही बाजू मांडून झाल्यावर आमचे मत असे. गाव लहान आहे म्हणून मोडावे, हे आम्हाला पटत नाही. तेरा माणसांच्या गावाला पालिका नको हे उघड आहे, पण दहा हजारांचे गाव आपल्या गल्ल्या, बागा, दिवे नीट सांभाळू शकते, आणि तेथील नगरसेवक वाण्याच्या दुकानात भेटतो. मात्र पोलीस, न्यायालय, सांडपाणी आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे व्यापारी उत्पन्नाचा मोठा भाग सामायिक असला पाहिजे. ज्या महानगरात माणूस एका गावात झोपतो, दुसऱ्यात काम करतो आणि तिसऱ्यात खरेदी करतो, तेथे त्याचा कर एकाच गावाने ठेवून घेणे हा हिशेब बरोबर नाही. नाहीतर जो आधी निघून जातो तो फायद्यात राहतो आणि ज्याला निघता येत नाही त्याच्याकडून दंड वसूल होतो.

सेंट लुईसचे शहाणे लोक आता १८७६ ची रेघ पुसण्याऐवजी तिच्यावर पूल बांधण्याची भाषा करतात. वेळ मात्र कमी आहे. मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने शहराच्या पोलीस दलाचा ताबा पुन्हा आपल्याकडे घेतला. लोकसंख्या घटली की कर घटतो, आणि त्यापाठोपाठ राजधानीत वजनही घटते, याचे हे ताजे उदाहरण.

आपल्याकडची रखडलेली जनगणना आता २०२७ साली होणार आहे. आकडे येतील तेव्हा आपण प्रथम आपल्या शहराचा क्रमांक कितवा लागला ते पाहू, वर्तमानपत्रेही तेच छापतील. त्याबरोबर आणखी एक स्तंभ पाहावा अशी आमची विनंती आहे. कोणत्या वस्तीतून माणसे उठून कोणत्या वस्तीत गेली, आणि मागे जे राहिले त्यांच्या नळाचा, गटाराचा आणि शाळेचा खर्च आता कोणाच्या खात्यातून होतो.